कोपऱ्यातलं जंगल

जिजी,

तुझ्या शोकसभेत मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेजारी कॉलेजच्या ट्रस्टची मंडळी, समोर टेबलावर तुझा फोटो. ओळखपत्रावरचाच मोठा करून आणलेला, ज्यात तू कुणावर तरी चिडल्यासारखी दिसतेस. कॉलेजच्या फार्मचे अधीक्षक सगळ्यांच्या आधी उठले, फोटोला हार घातला, रुमालानं डोळे टिपले आणि म्हणाले, "मैडमजी ने जीवन भर खरपतवार से युद्ध किया।" टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळून दोघातिघांनी वाजवल्या. तू असतीस तर तिथल्या तिथे उठून त्यांना थांबवलं असतंस. युद्ध कसलं, मी तणांची मोजदाद करत होते, म्हणाली असतीस.

मी हात जोडून बसून राहिलो. या माणसानं तुझ्या कामाचं काय केलं, ते मला ठाऊक होतं. त्यात मी कुठे उभा होतो, तेही. तरी मी त्यांच्या हातचा चहा घेतला. हे तुला सांगायलाच हवं, कारण तू गेल्यावर मी एकदम सुधारलो असं तुला वाटायला नको.

आपण दोघं भावंडं तणांच्या दोन बाजूंना कशी गेलो, याचं मला अजून नवल वाटतं. नगरा मोहल्ल्यातल्या आपल्या घरात शेतीचा गंध नव्हता. अण्णा कारकून, आई घरात, आणि चार गल्ल्यांत मिळून मराठी बोलणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. तू शेतकी शिकायला गेलीस तेव्हा आई आल्यागेल्याला सांगायची, "आमची जिजी गवत शिकतेय." पुढे तू मऊरानीपूरच्या रस्त्यावरच्या त्या छोट्या कॉलेजात लागलीस आणि पाठोपाठ मी मऊला, म्हणजे मऊरानीपूरलाच, दुकान टाकलं, बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं. तू तण ओळखायची आणि मी ते मारायचं औषध विकायचो.

पहिल्या हिवाळ्यात तू मला गव्हात नेलंस. दोन रोपं पुढे धरलीस. "यातला गहू कोणता?" मला दोन्ही गहूच वाटले. तू एकाचा बुंधा नखानं खुडलास, तो आतून लालसर निघाला. "हा गुल्ली-डंडा. लहानपणी हुबेहूब गव्हासारखा दिसतो. म्हणून निंदायला आलेल्या बायकाही त्याला सोडून देतात. ओंबी आली की कळतं, पण मग गहू कापायच्या आधीच त्याचं बी मातीत पडून जातं." मग म्हणालीस, "मधू, तू दुकानात औषध विकशील तेव्हा निदान हे बघून विक." त्या दिवशी तू पिशवी भरून बथुआ घरी आणलास आणि आईनं त्याची चाकवताची करतात तशी ताकातली भाजी केली. शेतात तण असलेलं ताटात भाजी झालं. तू हसत होतीस. तू हसायचीस, हे शोकसभेत कुणीच सांगितलं नाही.

आपली भांडणं लहान नव्हती. तू दुकानात यायचीस, स्टुलावर बसायचीस, आणि गिऱ्हाइकाच्या हातातला डबा घेऊन त्यावरचे बारीक अक्षरांतले इशारे मोठ्यानं वाचायचीस. "भैया, पिछले साल भी यही डाला था? उसके पिछले साल भी?" तो हो म्हणाला की माझ्याकडे बघून म्हणायचीस, "दरवर्षी एकच औषध मारलं की जी रोपं त्यातून वाचतात, तीच बी धरतात. चार-पाच वर्षांनी शेतात उरतात ती फक्त त्या औषधाला न मरणारी. मग हा तुला शिव्या देईल, तणाला नाही." तुझं बरोबर होतं, पुढे तसंच झालं. पण गिऱ्हाइकासमोर, जिजी. माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून.

मी एकदाच तुला गप्प केलं. तू पाळीपाळीनं पिकं बदलण्याबद्दल बोलत होतीस, पेरणीआधी पाणी देऊन तण उगवू द्यायचं आणि मग वखरून टाकायचं, दाट पेरायचं म्हणजे तणाला ऊन मिळत नाही, आणि तरीही जे उरेल ते हातानं निंदायचं. मी विचारलं, "कुणाच्या हातानं? तुझ्या त्या टिकाऊ शेतीचं ओझं रामकलीच्या कमरेवर आहे. ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाकलेली असते. तू उभी राहून वहीत लिहितेस."

रामकली तुझ्या शेतावर निंदणीला येणाऱ्या बायकांची मुखिया. तुला ती बिन्नू म्हणायची, मुलीला म्हणावं तसं. पुढच्या मोसमात तू उभ्यानं ढकलायचं चाकाचं कोळपं बनवून घेतलंस. रामकलीनं ते दोन पावलं ढकललं आणि म्हणाली, "बिन्नू, जो तो तुमाए कद को बनो है।" तू दांडा कापून पुन्हा केलास. तिसऱ्यांदा ते जमलं. पण मधूचं म्हणणं बरोबर होतं, असं तू कधी म्हणाली नाहीस. त्या एका वाक्याची मी फार वाट पाहिली. आता हे लिहितानाही तोंड कडू होतंय.

आता त्या कोपऱ्याबद्दल.

कॉलेजच्या शेताच्या शेवटाला तुझा तुकडा होता. अकरा वर्षं तू त्यात औषधाचा थेंब पडू दिला नव्हतास. दर हिवाळ्यात ठरलेल्या जागांवरून माती काढायचीस, ट्रेमध्ये पसरून पाणी द्यायचीस, आणि जे उगवेल ते एकेक करून मोजायचीस. जमिनीत किती बी झोपलेलं आहे, कोणतं किती वर्षं तग धरतं, पिकं बदलली की काय कमी होतं आणि काय हट्टानं टिकतं. आणि या सगळ्याची तुलना करायला एक कोपरा तू मुद्दाम मोकळा सोडला होतास. त्यात निंदणी नाही, काही नाही. जंगली जई, हिरनखुरी, मोथा, कडेला गाजरगवत, मागे काँसाचे झुपके. तू म्हणायचीस, "या कोपऱ्याशिवाय बाकीचे आकडे आंधळे आहेत." रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र ते एक गचाळ जंगल दिसायचं.

चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या पाहणीला वरून लोक येणार होते. तू आठवडाभर ग्वाल्हेरला प्रशिक्षणाला गेली होतीस. अधीक्षकांचा मला फोन आला. सगळं हिरवं मारणाऱ्या औषधाचे डबे हवे होते, लगेच. कॉलेजची ती मला आलेली पहिली ऑर्डर. मी स्वतः गाडीवर डबे घेऊन गेलो. शेडसमोर हल्के उभा होता, पाठीवर फवारणीचा पंप. हल्के म्हणजे रामकलीचा नवरा, वीस वर्षं त्याच फार्मवर फवारणी करणारा. अधीक्षकांनी हात लांब करून त्याला दाखवलं. मी त्याच्या पाठीमागे, दोन हातांवर उभा होतो; त्यानं वळून पाहिलंही नाही. ते म्हणाले, "वो कोने वाला जंगल साफ कर दो। पूरा। दस दिन में सूख जाए, फिर ट्रैक्टर चला देंगे।"

मॅडमचाच कोपरा ना, याची खात्री करायला हल्केनं विचारलं, "मैडमजी वारो?"

"हाँ, वही।"

मी ऐकलं, जिजी. सगळं स्पष्ट ऐकलं. एक फोन केला असता तर तू ग्वाल्हेरहून दोन तासांत येऊन त्या पंपासमोर उभी राहिली असतीस. मी फोन केला नाही. ऑर्डर जाईल अशी भीती होती, हे खरं, पण तेवढंच नव्हतं. त्याच महिन्यात तू दुकानात पाच माणसांसमोर मला म्हणाली होतीस, "मधू, तू वाचत नाहीस, नुसतं विकतोस." ते माझ्या आत रुतून बसलं होतं. गाडीला किक मारताना मला वाटलं, बघू दे तिलाही, माझ्या डब्यात काय असतं ते. मला बरं वाटलं. एवढंसंच, मऊचा फाटा येईपर्यंत टिकलं असेल. पण वाटलं खरं. हे तुझ्यापासून लपवून आता कुणाचं भलं होणार आहे?

तू परतलीस तेव्हा शेंडे पिवळे पडू लागले होते. पहिल्यांदा तुला थंडीनं झालं असं वाटलं, मग तू एक रोप उपटून मधला कोंब चिरून बघितलास. तो तपकिरी होता. वाऱ्यानं औषध उडून शेजारच्या पट्टीतला हरभराही गेला होता. अकरा वर्षांचं काम कुठे संपलं ते तुला त्या एका कोंबात कळलं. हे सगळं तू मला दुसऱ्या दिवशी आपल्या घरी सांगितलंस, हातातली बशी न सांडता. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "मधू, तू त्या आठवड्यात कॉलेजात आला होतास का?"

"नाही गं. मी मऊलाच होतो."

तू "बरं" म्हणालीस आणि चहा संपवलास.

चौकशी झाली. अधीक्षक म्हणाले, मी रस्त्याकडेचा बांध साफ करायला सांगितला होता, या माणसानं ऐकण्यात चूक केली. हल्के शपथा घेत राहिला, पण चौकशीवाल्यांच्या हिशेबी ते ऐकणारं दुसरं कुणी नव्हतंच. तुला विचारलं, तुमच्याकडे काही पुरावा आहे? तू म्हणालीस, नाही. हल्केला काढलं. दगडाच्या क्रशरवर लागला तो, ती पांढरी धूळ खात. तू त्याच्यासाठी दोनदा अर्ज केलास, मला माहीत आहे. मी तेव्हा मनाशी म्हणायचो, एवढी जिजी बोलून काही झालं नाही, मी बोलून काय होणार?

त्यानंतर चार वर्षं आपण नीट वागलो. फार नीट. दुकानात यायचं तू बंद केलंस. राखीला यायचीस, भाऊबिजेला यायचीस, मुलांना पुस्तकं द्यायचीस, माझ्या पानात पुरणपोळी वाढायचीस. तण हा शब्द आपल्या बोलण्यातून गेला. मला वाटलं, वय झालं, तू निवळलीस. खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचं होतं.

आणि शेवटी तो दवाखाना. तू दोन दिवस बोलत होतीस, तिसऱ्या दिवशी दम लागायला लागला. मी उशाशी बसलो होतो. तू अचानक शुद्ध मराठीत, आई बोलायची तसं, म्हणालीस, "मधू, मला काही सांगायचंय का रे तुला?" मी म्हणालो, "तू आधी औषधं वेळेवर घे." तू मान खिडकीकडे वळवलीस. मला तेव्हाही कळलं नाही. तो प्रश्न नव्हता, ती शेवटची संधी होती, हे मला तेराव्याला कळलं.

तेराव्याला रामकली आली. उंबऱ्याबाहेरच बसली. मी पान वाढायला सांगितलं तर म्हणाली, "नईं भैया, खाबे नईं आए।" मला राहवलं नाही. तू नव्हतीस, तुझ्यासमोर मान खाली घालायची भीती नव्हती, म्हणून असेल. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगून टाकलं की त्या दिवशी मी शेडपाशी होतो, साहेबांनी कोपराच सांगितला होता, मी ऐकलं होतं.

तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "बिन्नू खों पतो हतो।"

मग तिनं सांगितलं. फवारणीनंतर नाल्यात फेकलेला रिकामा डबा तिनंच उचलला होता. त्यावर माझ्या दुकानाचा शिक्का. तो तिनं तुझ्या हातात नेऊन दिला. कॉलेजच्या पहाऱ्यावाल्यानं मला आत जाताना पाहिलं होतं, तेही तिनं तुला सांगितलं. म्हणजे मला "आला होतास का" हे विचारण्याआधी तुला सगळं ठाऊक होतं. रामकलीनं तुला विनवलं होतं, डबा दाखवा, भावाला बोलवा, माझा माणूस वाचेल. तू तिला म्हणालीस, "मधू खुद बताएगा। मैं जानती हूँ उसे।"

"चार बरस भए," रामकली म्हणाली. "बिन्नू तुमाई बाट हेरत रईं। और हमाओ आदमी पथरा ढोउत रओ।" ती उठली. पाणीसुद्धा न घेता गेली.

मी तुझं कपाट उघडलं. मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या, प्रत्येकीवर तुझं बारीक अक्षर, आणि त्यांच्या मागे तो डबा. धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पुरावा आहे का विचारलं तेव्हा तू नाही म्हणाली होतीस. तू, जी परक्या गिऱ्हाइकाला लेबल वाचून दाखवायचीस. तुझं मला माहीत असलेलं एकच खोटं, आणि ते तू माझ्यासाठी बोललीस, हल्केच्या जिवावर.

मला तुझे आभार मानता येत नाहीत, जिजी. मी प्रयत्न केला. कपाटासमोर बसून रडलो, पण रडता रडता रागच आला. कुणी सांगितलं होतं तुला माझ्यावर इतका विश्वास ठेवायला? मला चौकशीत ओढलं असतंस, दुकानाला टाळं लागलं असतं, तू माझं तोंड पाहिलं नसतंस, तरी चाललं असतं. तू माझ्या पानात पोळी वाढत वाट बघत राहिलीस. ती माया होती की शिक्षा, हे तुला तरी ठरवता आलं होतं का? बियांच्या बाबतीत तू कधी अंदाजावर विसंबली नाहीस, मोजल्याशिवाय एक ओळ लिहिली नाहीस. माझ्या बाबतीत मात्र नुसता भरवसा धरून बसलीस. आणि तुझ्या त्या भरवशाचं ओझं वाहिलं हल्केनं. मी रामकलीच्या कमरेचं बोललो होतो तेव्हा तू गप्प झाली होतीस. या वेळी तुला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळं कागदावर लिहून कॉलेजच्या कार्यालयात दिलं. अधीक्षकांना बोलावलं गेलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "अब मैडम ही नहीं रहीं। किसके लिए कर रहे हैं?" मी तो कागद पुन्हा कारकुनाच्या टेबलावर ठेवला आणि पोचपावतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय हललो नाही. ट्रस्टकडून अजून उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही.

मग मी हल्केच्या गावी गेलो. क्रशरला सुट्टी होती, तो अंगणात खाटेवर बसून खोकत होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर उठून उभा राहिला, तुझा भाऊ म्हणून. आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच बोलू लागला, हात जोडून. "भैया, हमने मैडमजी सें माफी माँग लई ती। पाँव पकर कें। साब नें मेंड़ई कई हुइए, हमईं नें कोनो सुन लओ। उमर हो गई ती, कान कच्चे।"

साहेबांनी बांधच म्हटलं असेल, कोपरा मीच ऐकला, असं तो मला सांगत होता. त्यानं तुझे पाय धरले होते. जी चूक त्यानं केलीच नव्हती तिची माफी मागितली होती, आणि तू, कपाटात डबा असताना, ती ऐकून घेतली होतीस. चार वर्षं दगड उचलत हा माणूस स्वतःच्या कानांना दोष देत होता. रामकलीनं त्याला कधी सांगितलं नाही, कारण तू तिला थांबवलं होतंस. अधीक्षक सोडले तर या जगात तो बरोबर होता हे तिघांना माहीत होतं, आणि तिघं गप्प होतो.

मी सांगितलं. हिंदीत, एकेक शब्द, साहेबांनी काय म्हटलं, त्यानं काय विचारलं, त्यांनी काय उत्तर दिलं. मी कुठे उभा होतो ते. मी का बोललो नाही तेही. तो ऐकत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, आता शिवी देईल, हात उगारेल. मी त्याचीच वाट बघत होतो.

"मैडमजी वारो, हमने पूछी ती?" त्यानं विचारलं.

"पूछी थी."

"और साब नें हओ कई ती?"

"कही थी."

तो वळला. रामकली चुलीपाशी होती, आमच्याकडे पाठ करून. त्यानं तिला हाक मारली, एवढ्या मोठ्यानं की खोकल्याची उबळ आली, तरी थांबला नाही. "काए, सुन रईं? हमने सई सुनो तो। कान हमाए ठीक हते।"

ती वळली नाही. मी निघालो तेव्हा तो मला विसरला होता. शेजारच्या अंगणातल्या कुणाला तरी तेच पुन्हा सांगत होता.